बंदूक ठाण्यात होती ते तीन महिने

कुळागर · ४ जुलै, रात्री ९.५०

परवा इथे अमेरिकेतल्या गोळीबारांवरून बोलणं निघालं तेव्हा चौघांनी जवळजवळ एकच वाक्य लिहिलं: 'अशा वेड्यांच्या हातात बंदूक जातेच कशी?' तीन रात्री मी त्या वाक्यापाशी अडकून आहे. म्हणून आमच्या घरची गोष्ट लिहितो. बाबांना विचारून लिहितोय, त्यांनी हो म्हटलंय.

आमचं घर गोव्यात, धारबांदोडा तालुक्यात. थोडं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, वर काजूची भरड. आजोबांच्या वेळेपासून घरात ठासणीची बंदूक आहे, शेतीच्या राखणीच्या परवान्यावर. रानडुकरं एका रात्रीत काय करून ठेवतात हे ज्याने पाहिलंय त्याला ती कशाला लागते ते सांगायला नको. माजघरातल्या खुंटीवर ती असायची. दसऱ्याला तिला झेंडूची माळ आणि आंब्याचं टाळं. लहानपणी मला ती कोयत्या-कुदळीसारखीच वाटायची.

बाबांचा खरा संसार मात्र खाणीतला माल वाहणाऱ्या ट्रकवर. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी पहिल्यांदा बंद झाल्या तेव्हा दोनातला एक ट्रक विकून आम्ही तरलो. पुन्हा सुरू झाल्या तसं बाबांनी परत कर्ज काढलं. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं थांबलं. हप्ता थांबत नाही. ट्रक अंगणात उभा. काम नसलं तरी बाबा दर रविवारी तो धूत, टायरमधले खडेसुद्धा खिळ्याने काढत. पावसाळा सरता सरता त्यांनी ते सोडलं. चाकांवर वेल चढला. आमच्या घरात काहीतरी मोडलंय हे मला त्या वेलावरून कळायला हवं होतं, आणि कळलं नाही.

मग भजनाला जाणं बंद. झोप बंद. बँकेचं पाकीट आलं की न फोडता देवघरातल्या फळीवर. मार्च-एप्रिल म्हणजे हुर्राकचे, काजूच्या दारूचे दिवस, त्यामुळे पिणं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आईने देवीला प्रसाद लावून कौल मागितला, तो उजवा मिळाला, आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

१० मार्च २०१९ ला लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि नेहमीसारखा निरोप आला की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करा. बाबा स्वतः स्कूटरवरून जाऊन देऊन आले. २३ एप्रिलला मतदान, २३ मेला निकाल. बंदूक परत आली ती मिरगाचा पाऊस लागल्यावर.

दोन वर्षांनी, एका संध्याकाळी सुपारी कातरता कातरता ते मला म्हणाले, "ते रातीं हांव उठून खुंटयेकडेन गेलों. खुंटयेर कांय नाशिल्लें." त्या रात्री मी उठून खुंटीपाशी गेलो, खुंटीवर काही नव्हतं. बस्स, एवढंच. मग ते सोप्यावर येऊन बसले. पहाटे आईने त्यांना तिथे बघितलं आणि काही न विचारता चहा ठेवला.

माझे बाबा वेडे नव्हते. ना आधी, ना त्या रात्री. त्यांना कोणत्या खान्यात घालायचं ते मला सांगा.

पणजीकर · ४ जुलै, रात्री १०.३५

कुळागर, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा.

ते वाक्य लिहिणाऱ्या चौघांत मी होतो, म्हणून सरळच विचारतो. स्वतःचा जीव नकोसा होणं आणि शाळेत शिरून पोरांवर गोळ्या झाडणं या दोन गोष्टी एका दोरीत ओवता येतात का? तुमच्या बाबांबद्दल कुणालाही माया वाटेल. त्या दुसऱ्या माणसाबद्दल मला वाटत नाही आणि वाटावी असंही वाटत नाही.

दूरदेशी · ५ जुलै, पहाटे ४.१५ (इथे संध्याकाळ आहे)

मी मूळची म्हापशाची, एकवीस वर्षं ओहायोत, प्राथमिक शाळेत शिकवते. पणजीकर, तुमचा प्रश्न इथेही रोज विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतली २७ हजार आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. टीव्हीवर दिसतात ते शाळांतले, दुकानांतले गोळीबार. एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा फार लहान आहे, पण आमच्या मनातली सगळी जागा तेच व्यापतात. हे मी हलकेपणाने लिहीत नाही. २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी होते. वर्षातून काही वेळा आम्ही दिवे घालवून, दार लावून, मुलांना कोपऱ्यात बसवून गप्प राहण्याचा सराव करतो. सहा वर्षांचं मूल श्वास धरून बसतं तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

प्रत्येक घटनेनंतर कुणीतरी मोठा माणूस माईकपुढे येऊन म्हणतो, हा मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे. आणि पुढच्या वर्षी शाळेतल्या समुपदेशकाची जागा तशीच रिकामी राहते.

ड्यूक विद्यापीठातले जेफ्री स्वॉन्सन यांनी यावर आयुष्य घालवलंय. त्यांचा अंदाज असा, की गंभीर मनोविकार उद्या जगातून नाहीसे झाले तरी एकूण हिंसा सुमारे ४ टक्क्यांनीच घटेल. उरलेली ९६ टक्के कुठून येते? दारू, आधी केलेली मारहाण, घरातला छळ, लहानपणी स्वतः खाल्लेला मार, काम नसलेलं तरुण वय, आणि हाताशी असलेलं हत्यार. इथल्या मोठ्या शहरांत काही मोजक्या गल्ल्यांत काळी तरुण मुलं एकमेकांच्या हातून मरतात. त्या गल्ल्यांतल्या शाळा, घरं, नोकऱ्या पिढ्यान्पिढ्या मुद्दाम उपाशी ठेवल्या गेल्या. ती मुलं 'वेडी' आहेत असं कुणी म्हणत नाही. त्यांना 'गुन्हेगार' म्हणतात, आणि विषय तिथेच मिटतो.

मनोरुग्ण म्हणून ज्यांना आपण घाबरतो ती माणसं मारणाऱ्यांपेक्षा मार खाणाऱ्यांत जास्त असतात. माझ्या नवऱ्याच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला दोनदा रस्त्यात लुटलंय. त्याने आजवर कुणाच्या अंगाला बोट लावलेलं नाही.

तेव्हा दोरी एकच आहे असं मीही म्हणणार नाही. पण दोन्ही दोऱ्या खुंटीपाशी येतात.

रानवाट · ५ जुलै, सकाळी ७.२०

मी सत्तरी तालुक्यातला. कुळागर, तुझ्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं की ते आहेत.

पण या धाग्याचं टोक कुठे जाणार ते मला दिसतंय. आता कुणीतरी लिहील, सगळ्यांच्या बंदुका काढून घ्या. शहरात बसून ते सोपं आहे. यंदा माझ्या मिरच्यांची आणि कणग्यांची एकेक सरी रानडुकरांनी नांगरून ठेवली. नारळ माकडं संपवतात. गवे आले तर काही करताच येत नाही, फक्त बघायचं. दिवाळीपर्यंत माळ्यावर राखण करणारा माणूस मी आहे. बार काढला तरी वर आभाळात, आवाजासाठी. परवाना असलेला शेतकरी निवडणूक आली की हत्यार ठाण्यात नेऊन देतो, पावती घेतो, परत आणतो. खरी भीती आहे ती परवाना नसलेल्या गावठी बंदुकीची. रात्री शिकारीला जाणारे बॅटरीच्या उजेडात हललं की बार काढतात आणि सावज म्हणून आपलाच सोबती पडतो, अशी बातमी अधूनमधून येतेच ना? ती कुठल्या ठाण्यात जमा होणार?

आमच्याकडे पाहायचंच असेल तर आधी पिकाकडे पाहा. पीक गेलं की माणूस जातो, बंदूक असो वा नसो.

बांबोळीची ताई · ५ जुलै, दुपारी २.४५

रात्रपाळी करून आले, झोप लागली नाही, म्हणून लिहिते. मी परिचारिका आहे, बरीच वर्षं मनोरुग्णांच्या सेवेत काढली.

रानवाटदादा, तुम्ही शेवटी लिहिलंत त्यातलं अर्धं मला पटतं. पीक गेलं की माणूस ढासळतो, अगदी खरं. पण 'बंदूक असो वा नसो' हे पटत नाही, आणि ते का ते सांगते.

आम्हाला वाटतं, ज्याने ठरवलं तो काहीतरी करणारच. माझ्या खाटेशेजारी बसून बोललेल्या माणसांनी मला वेगळं शिकवलं. ती वेळ फार थोडी असते. कुणाची दहा मिनिटं, कुणाची एक रात्र. ती वेळ टळली की बहुतेक जण परत त्या वाटेला जात नाहीत. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं असतं. आणि बंदूक हाताशी असली तर माझ्यापर्यंत माणूस पोचतच नाही. बाकीच्यांना आम्ही पुष्कळदा वाचवतो.

श्रीलंकेत शेतकरी कीटकनाशक पिऊन मरत. सरकारने १९९५ आणि १९९८ मध्ये सगळ्यांत जहाल विषांवर बंदी घातली. २००५ पर्यंत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. दुःख कमी झालं होतं का? तिथे तेव्हा युद्ध चालू होतं. कुळागर, तुमच्या बाबांसारखीच गोष्ट इस्रायलच्या सैन्यात घडली. सुट्टीला घरी जाणारे कोवळे सैनिक रायफल बरोबर नेत. २००६ मध्ये नियम केला की आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना रायफल छावणीतच ठेवायची. त्या वयाच्या सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ती घट मुख्यतः सुट्टीच्याच दिवसांत झाली. कुणी त्यांची मनं तपासली नव्हती. फक्त घर आणि बंदूक यांच्यात थोडं अंतर टाकलं होतं.

आता आपल्याबद्दल. माझ्या आजीच्या पिढीत 'आल्तिनोला नेलं' म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे, कारण पूर्वी मनोरुग्णांचं इस्पितळ पणजीत आल्तिनोवर होतं, आबे फारियाच्या नावाचं. फारिया आपल्या कांदोळीचा, १७५६ चा जन्म. संमोहनाची झोप ही करणाऱ्याच्या हातातल्या कुठल्या शक्तीने नाही तर ज्याला ती लागते त्याच्याच मनातून येते, हे त्याने पॅरिसला जाऊन सांगितलं. त्याचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे, लोक तिथे फोटो काढतात. आणि आजही बांबोळीला आमच्याकडे येणारा माणूस शेजाऱ्यांना सांगून येतो की गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डोळे तपासायला चाललोय.

डॉक्टरपर्यंत यायलाच हवं असंही नाही. पर्वरीच्या 'संगाथ' या संस्थेने गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून दाखवलंय. गावातल्याच, वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. जड नैराश्य असलेल्या ४९३ जणांवर केलेला त्यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा ते आठ भेटी, आणि बोलणं कशाचं? सकाळी उठून काय कराल, कुणाला भेटाल, सोडलेलं कोणतं काम परत धराल. तीन महिन्यांनी त्या गटात ६४ टक्के सावरले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ३९ टक्के. पिणाऱ्या पुरुषांसाठी वेगळा अभ्यास केला, तिथेही उपयोग झाला, जरा कमी.

कुळागर, ट्रक धुणं सोडलं ना बाबांनी, तिथून सुरुवात करायची असते. तुम्हाला तेव्हा कळलं नाही यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

कुळागर · ५ जुलै, रात्री ८.१०

ताई, शेवटची ओळ बाबांना वाचून दाखवली. ते उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने परत येऊन बसले.

रानवाट, बंदुका काढून घ्या असं मी म्हणत नाही. आमची अजून आहे. पण खुंटीवर नाही. बंदूक कपाटात, कपाटाची किल्ली शेजारच्या काकांकडे, बंदुकीची दारू आणि छर्रे वेगळ्या घरात. डुकरं आली तर काकांना उठवावं लागतं. पाच मिनिटं जातात, त्यात चार रोपं जातात. ती गेली तर जाऊ देत, असं बाबांनीच ठरवलं.

सातेरी · ५ जुलै, रात्री ११.०५

मी इथे फार लिहीत नाही. आज लिहिते.

आमच्या मावशीच्या घरी परवान्याची बंदूक होती. काका चांगल्या घरचे, गावात मान, देवस्थानच्या कमिटीवर. प्यायले की जेवण झाल्यावर ते खुंटीवरून बंदूक काढून मांडीवर घेत आणि फडक्याने पुसत बसत. काही बोलत नसत. मावशी भांडी घासत असायची. चाळीस वर्षांत त्यांनी घरात एकही बार काढला नाही.

आकडेवारीत हे कुठेच नाही. कुणी मेलं नाही, तक्रार झाली नाही, काका 'मनोरुग्ण' नव्हते आणि मावशीही नव्हती. पण मावशीला आयुष्यभर रात्री आठनंतर जेवण गेलं नाही. काका वारल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती खुंटी भिंतीतून उपटून काढली आणि भोक गिलाव्याने बुजवलं.

पणजीकर म्हणतात कुणाबद्दल माया वाटावी आणि कुणाबद्दल वाटू नये. मला काकांबद्दल नाही वाटत. मात्र मोठी झाल्यावर कळलं की त्यांच्या वडिलांनीही त्यांच्या आईसमोर असंच केलं होतं. हे समजून माझा राग गेला नाही. राग आणि समज दोन्ही एकाच वेळी असू शकतात, एवढंच.

कोर्टाची पायरी · ६ जुलै, सकाळी १०.३०

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं लिहितो, कारण वर बऱ्याच जणांनी 'वेड्यांना बंदूक मिळतेच कशी' असं विचारलंय.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये मनोविकल माणसाला परवाना नाकारावा असं स्पष्ट आहे. कलम १७ खाली दिलेला परवाना निलंबित किंवा रद्दही करता येतो. २०१६ च्या नियमांनी अर्जाबरोबर डॉक्टरांचा दाखला मागितला: शरीर आणि मन ठीक आहे, दारूचं किंवा अमली पदार्थाचं व्यसन नाही. कागदावर सगळं आहे. व्यवहारात एका अशिलाबरोबर मी स्वतः दाखला घ्यायला गेलो होतो, डॉक्टरांचं आणि गावाचं नाव नको. रक्तदाब घेतला, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, सही केली. झोप लागते का, घरी कोण कोण आहे, कर्ज आहे का, काहीही विचारलं नाही. तीन मिनिटं. आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मर्यादा आणली, ते चांगलं केलं. पण पाच वर्षांत माणसाचं काय काय होतं! कुळागरच्या बाबांचे ट्रक विचारात घ्या. २०१६ मध्ये दाखला घेणारा माणूस आणि २०१९ मधला माणूस एकच होता का?

मूळ अडचण अशी की कायदा माणसांची एक जात शोधतो, मनोविकल. कुळागरचे बाबा त्या जातीत कधीच बसले नसते. सातेरीताईंचे काका तर नाहीच नाही. कायद्याला काळ दिसत नाही, वाईट दिवस दिसत नाहीत.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. निवडणुकीची वाट बघायची गरज नाही. परवानाधारक स्वतःहून आपलं हत्यार परवाना असलेल्या विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला देऊ शकतो. कायमचंच नको असेल तर स्वतः अर्ज करून परवाना रद्दही करून घेता येतो, कलम १७ मध्येच ती तरतूद आहे. हत्यार देताना पावती घ्यायला विसरू नका.

रानवाटजींचा गावठी बंदुकीचा मुद्दा बिनतोड आहे. २०१७ च्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या अंदाजाने भारतात लोकांकडे सुमारे ७ कोटी बंदुका आहेत आणि त्यांतल्या १ कोटीच्या आसपासच नोंदवलेल्या आहेत. ज्याचा कागदच नाही त्याला ठाण्यात बोलावणार कोण? तिथे मला वाटतं घरची माणसंच काय ती.

पणजीकर · ६ जुलै, दुपारी १.१५

सातेरीताई, तुमचं वाचून मी माझं वाक्य परत वाचलं. 'वेडा' म्हटलं की तो माणूस माझ्या घरातला नाही, असं मला सांगायचं असतं. म्हणून मी तो शब्द वापरतो. आता वापरणार नाही.

तरी एक शंका राहते. मानसिक आरोग्याचा आणि हिंसेचा संबंध इतका थोडा आहे असं म्हणत राहिलो, तर उपचारांसाठी पैसा कोण देणार? निदान भीतीपोटी तरी लोक ऐकतात.

दूरदेशी · ६ जुलै, संध्याकाळी ६.४०

पणजीकर, इथे नेमकं तेच करून पाहिलंय. भीती दाखवून मिळालेला पैसा कुलपांवर, कॅमेऱ्यांवर, शाळेच्या दारातल्या पोलिसावर जातो. आणि ज्या मुलाला खरंच मदत हवी असते ते तोंड उघडत नाही, कारण बोललं तर आपलं नाव कुठल्यातरी यादीत जाईल असं त्याला वाटतं. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर पोट दुखतं म्हणत होता. पोट दुखत नव्हतं.

उपचार हवेत ते तो मुलगा दुःखात आहे म्हणून. तो धोका आहे म्हणून नव्हे.

बांबोळीची ताई · ६ जुलै, रात्री ९.३०

दूरदेशी, अगदी हेच. आपल्याकडे २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचं दिसलं. ही माणसं कुणाला मारत नाहीयेत. झिजताहेत.

आणि २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. नोंदीतली कारणं पाहा. घरगुती अडचणी ३१.७ टक्के, सगळ्या प्रकारचे आजार मिळून १८.४. मेलेल्यांत दर चौथा माणूस रोजंदारीवरचा. बंदूक आपल्याकडे यात अगदी थोडी आहे, आणि तशीच थोडी राहावी असं मला वाटतं.

भाचा · ७ जुलै, रात्री १२.२०

नवीन आयडी काढून लिहितोय. नावं-गाव सांगत नाही.

माझा मामा, वय ५८. बार्जवर काम करायचा, काम सुटलं, मुलगा कतारला, मामी मागच्या वर्षी गेली. एकटाच असतो. परवाना असलेली बंदूक आहे. गेल्या रविवारी गेलो तर मला म्हणाला, माझी कागदपत्रं कुठे आहेत ते एकदा बघून ठेव. आणि कुत्रा शेजाऱ्यांना देऊन टाकलाय. तो कुत्रा त्याच्या पानातलं खायचा.

मी काय करू? विचारलं तर त्याच्या डोक्यात नको तेच भरवल्यासारखं होईल का?

बांबोळीची ताई · ७ जुलै, रात्री १२.३१

बाळा, जागी आहे. नीट वाच.

विचारल्याने डोक्यात भरत नाही. असलं तर बाहेर येतं. सरळ शब्दांत विचार, 'मामा, जीव द्यावासा वाटतो का?' आडून विचारू नकोस. उत्तर आलं की ओरडू नकोस, शपथा घालू नकोस, 'पोरांचा विचार कर' म्हणू नकोस. ऐक. आणि आज रात्री मामाकडे कोण आहे? कुणी नसेल तर तू जा, किंवा शेजाऱ्यांना आत्ता उठव. कुत्रा ज्यांना दिला त्यांनाच.

१४४१६ हा टेलि-मानसचा नंबर, सरकारी, फुकट, रात्रीही उचलतात. तू स्वतःही फोन करून विचारू शकतोस. बंदूक आज रात्रीच त्या खोलीतून हलायला हवी. मी इथेच आहे, काय झालं ते लिही.

कोर्टाची पायरी · ७ जुलै, रात्री १२.४४

भाचा, परवाना मामाच्या नावावर आहे, म्हणून हत्यार तू गाडीत घालून घरी नेऊ नकोस. शेजाऱ्यांना मामाजवळ बसव, खोलीला कुलूप घाल, किल्ली तुझ्याकडे ठेव. जीवाला धोका वाटत असेल तर ११२ ला फोन करायला मागेपुढे पाहू नकोस. सकाळी मामाबरोबर मी येतो, जमा करायचं काम माझं. निरोप पेटीत गाव कळव. फी वगैरे काही नाही.

रानवाट · ७ जुलै, पहाटे ५.५०

भाचा, सत्तरीच्या बाजूला असशील तर मीही येतो. माझ्याकडे जीप आहे. आणि मामाला सांग, माझ्याकडे राखणीला माणूस हवाय. खोटं नाही, खरंच हवाय. माळ्यावर एकट्याने रात्र काढणं मला आता जड जातं.

कुळागर · ७ जुलै, सकाळी ६.१५

बाबा विचारताहेत, मामाशी बोलू का म्हणून. आपणहून विचारलंय. आजवर ते याबद्दल माझ्याखेरीज कुणाशी बोललेले नाहीत.

भाचा · ९ जुलै, रात्री ८.००

रात्रीच गेलो होतो. मामा जागा होता. विचारलं. तो बराच वेळ रडला, मग म्हणाला, मामीच्या वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

सकाळी वकीलकाका आले, बंदूक जमा झाली, पावती माझ्याकडे आहे. काल बांबोळीला नेलं. सव्वा तास रांगेत बसलो. डॉक्टरांनी बरंच विचारलं, गोळ्या दिल्या, पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय. येताना गाडीत मामा काही बोलला नाही. फोंड्याला थांबून आम्ही भजी-पाव खाल्ला, त्याने अर्धा पाव ठेवला. मला वाटलं भूक नाही. मग तो कागदात बांधून घेतला, कुत्र्यासाठी.

कुळागर, बाबांना रविवारी घेऊन याल का?